एकास सदतीसचा चढ

पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते तेव्हा डब्यातली निम्मी माणसं खाली उतरलेली असतात. कुणी बाटली भरून घेतं, कुणी वड्यांच्या ठेल्याकडे धावतं. कागदात गुंडाळलेले गरम बटाटेवडे, वर भुरभुरलेली लसणाची लाल चटणी आणि एखादी तळलेली मिरची असा ऐवज खिडकीच्या गजांतून आत येतो. आजीचा एक डोळा वड्यावर आणि दुसरा खाली उतरलेल्या नातवावर. थांबा पाच-सात मिनिटांचा, पण तो वड्यांसाठी ठेवलेला नाही. या सगळ्या गडबडीत गाडीच्या शेपटाकडे इंजिनं जोडली जात असतात. रेल्वेची माणसं त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढचं इंजिन ओढणार, मागची रेटणार, कारण कर्जत-पळसदरी सोडलं की बोरघाट सुरू होतो आणि सर्वांत अवघड पट्ट्यात रूळ दर सदतीस फुटांमागे एक फूट वर चढतात. कागदावर हा आकडा किरकोळ दिसतो. पण गुळगुळीत रुळावर गुळगुळीत लोखंडी चाक चालवणाऱ्याला विचारावं. पावसात भिजलेल्या रुळावर तर चाक जागच्या जागीच फिरू लागतं.

कर्जतचा दिवाडकरांचा वडा चवीने नावारूपाला आला हे खरंच. मात्र चढ नसता तर लांब पल्ल्याच्या इतक्या गाड्यांना कर्जतला थांबायचं कारणच नव्हतं. बोरघाटातून कुटुंबकबिल्यासह प्रवास करणाऱ्यांच्या ज्या सवयी आहेत, म्हणजे बोगदे मोजणं, उतरताना गाडी मध्येच का थांबली म्हणून कुरकुरणं, लोणावळ्याला चिक्की घेणं, त्या बहुतेक या एका चढाच्या पोटी जन्मल्या. आणि तो चढ कसा बांधला गेला, ती हकीकत खिडकीतून दिसणाऱ्या धबधब्यांइतकी रम्य नाही.

घाटाची वाट रेल्वेपेक्षा किती तरी जुनी. सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल ज्या वाटांनी देशावर चढे, त्यांतली ही एक. कार्ले आणि भाजे इथली लेणी याच वाटेच्या माथ्यावर खोदलेली आहेत, आणि कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांवर ‘यवन’ दात्यांची नावं कोरलेली आहेत. व्यापारी, भिक्षू, लमाणांचे तांडे सगळे पायी किंवा बैलांच्या पाठीवर माल लादून वर येत. पेशवाईत नाना फडणवीसांनी घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला तळं आणि महादेवाचं देऊळ बांधलं. चढणीला लागण्याआधी माणसाला आणि जनावराला टेकायला जागा हवी, हे त्यांना ठाऊक होतं.

तोफा घेऊन हा घाट चढणं काय असतं ते इंग्रजांना १७७८च्या हिवाळ्यात कळलं. राघोबादादांना पेशवेपदावर बसवायला निघालेलं मुंबईकर इंग्रजांचं सैन्य चार हजारांच्या घरातलं, पण सोबत सामानाचे बैल मात्र १९ हजारांच्या आसपास. हा लवाजमा घाट चढेपर्यंत मराठ्यांना तयारीला हवा तेवढा वेळ मिळाला. पुढची तुकडी घेऊन खंडाळा गाठणारा कॅप्टन जेम्स स्टुअर्ट जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ पडला. शत्रूच्याही शौर्याला दाद देणाऱ्या मराठ्यांनी त्याचं नाव ‘इष्टुर फाकडा’ करून टाकलं. माघार घेताना इंग्रजांनी आपल्या जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या आणि वडगावला तह करून सुटका करून घेतली. त्या पराभवात सह्याद्रीचा वाटा किती होता, हे इतिहासाच्या पुस्तकांत जरा कमीच सांगितलं जातं.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी घाटातून गाडीरस्ता काढला. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत तो चाकांच्या वाहनांसाठी खुला झाला. त्या रस्त्यावरचा एक दगडी पूल पुढे त्याच्यावर रंगवलेल्या बामाच्या जाहिरातीमुळे ‘अमृतांजन पूल’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओळखला गेला. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ता मोकळा होता तेव्हा तो सुरुंग लावून पाडला.

रस्ता झाला तरी कापसाचं भागेना. देशावरचा कापूस बैलांच्या पाठीवरून मुंबईत पोहोचेपर्यंत धुळीने माखे, पावसात सापडला तर कुजे. लँकेशायरच्या गिरण्यांना तो स्वच्छ आणि वेळेवर हवा होता, आणि सरकारला फौजा झटपट हलवायच्या होत्या. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी या दोन गरजांतून उभी राहिली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, तो सोहळा आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. पण कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले यांची खरी चिंता ठाण्याच्या कितीतरी पुढे होती. सह्याद्री ओलांडता आला नाही तर ही सगळी रेल्वे म्हणजे मुंबईकरांची हौस ठरणार होती.

बर्कले आणि त्यांच्या माणसांनी घाट पुन्हा पुन्हा पालथा घातला. या शोधाची एक कथा घाटातले लोक वेगळ्या तऱ्हेने सांगतात. वाट सापडेना म्हणून हैराण झालेल्या साहेबाला शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या शेळ्यामेंढ्यांची वाट दाखवली. काम झाल्यावर ती दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून साहेबाने त्याला गोळी घातली, असं ही कथा म्हणते. कुणी ती रस्त्याच्या संदर्भात सांगतं, कुणी रेल्वेच्या. कागदोपत्री तिला आधार शोधू नये. पण जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे आणि गाडीवाले आजही तिथे नाणं टाकून पुढे जातात. बर्कलेंची आठवण अशा रीतीने कुणी काढत नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

घाटाचं काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी खालून रूळ खोपोलीपर्यंत पोहोचले, आणि १४ जून १८५८ला वरून खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट तेवढा उघडा. म्हणजे जवळजवळ पाच वर्षं मुंबई-पुणे प्रवासाचे तीन तुकडे होते. मुंबईहून आगगाडीने खोपोली, तिथून पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने खंडाळा आणि पुन्हा आगगाडीने पुणं. ट्रंका-वळकट्या गाडीतून उतरवायच्या, हमालांशी घासाघीस करायची, बायकामुलांना गाडीत किंवा डोलीत बसवायचं, वर जाऊन पुन्हा सगळं मोजून घ्यायचं. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. घाटातल्या कौटुंबिक सहलीचा आरंभ शोधायचाच तर तो या त्रांगड्यात आहे.

तेवढ्या काळात घाटात जे चाललं होतं, त्याला तोड नाही. पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढायचं होतं. त्यासाठी पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल. खडक म्हणजे आपला काळा कातळ, बेसॉल्ट. डायनामाइट तेव्हा अजून निघालेलं नव्हतं. पहारीने हाताने भोकं पाडायची, त्यात बंदुकीची दारू ठासायची, वात पेटवून पळायचं. पुष्कळ ठिकाणी बोगद्याचं तोंड जिथे यायचं तिथे पाय ठेवायलाही जागा नव्हती. कड्याच्या माथ्यावरून माणसांना दोर बांधून खाली सोडत आणि अधांतरी लोंबकळत ती पहिलं भोक पाडत. डोंगर इतका तुटलेला की बोगद्याच्या मधोमध वरून विहिरीसारखी खोली खणून दोन्हीकडे काम लावायची सोयही बहुतेक ठिकाणी नव्हती. दोन टोकांनी पोखरत यायचं आणि मध्ये भेटायचं. जून ते सप्टेंबर पाऊस काम जवळपास बंद पाडी.

१८६१च्या सुरुवातीला घाटावर ४२ हजारांहून अधिक माणसं कामाला होती. कोकणातून आणि देशावरून शेतकरी येत, पिढ्यान्‌पिढ्या दगडमातीचं काम करणारे वडार येत, पाथरवट, लोहार, सुतार येत. कुटुंबंच्या कुटुंबं येत. पुरुष पहारीवर, बायका आणि पोरं टोपल्यांवर. पेरणीच्या दिवसांत बरेच गावी परतत आणि सुगी आटोपल्यावर पुन्हा हजर होत. डोंगरउतारावर झावळ्यांच्या आणि गवताच्या खोपटांची गावंच्या गावं उभी राहिली. पाणी मिळेल तसलं प्यायचं. जरीमरी आली की ती अशा वस्तीतून वणव्यासारखी फिरे. स्फोटात आणि कड्यावरून पडून मेलेल्यांपेक्षा पटकीने, हगवणीने आणि तापाने मेलेले कितीतरी अधिक. मेलेल्यांचा आकडा हजारांत जातो. नावं कुठेच नाहीत.

गोऱ्यांचीही सुटका झाली नाही. मुंबई-ठाणे मार्ग बांधणाऱ्या कंत्राटदारांपैकी विल्यम फ्रेडरिक फॅव्हिएल यालाच घाटाचं काम मिळालं होतं. त्याच्या हाताखालच्या पोटकंत्राटदारांनी मजुरांची मजुरी थकवली. जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा संयम संपला आणि त्यांनी युरोपीय मुकादमांवर हल्ला केला. त्यात एकाचा जीव गेला. चौकशीत मजुरांची तक्रार खरी निघाली. याच दंग्याच्या धसक्याने १८६० साली मालक-मजूर तंट्यांचा कायदा आला आणि रेल्वेसारख्या बांधकामांवरच्या मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने सोडवावेत असं ठरलं. आपल्याकडच्या कामगार कायद्यांच्या इतिहासाचा एक धागा असा थेट खंडाळ्याच्या घाटात जाऊन पोहोचतो.

फॅव्हिएलने कंत्राट सोडलं. त्याच्या जागी इंग्लंडहून सॉलोमन ट्रेडवेल आला आणि काही आठवड्यांतच आजारी पडून १८५९च्या नोव्हेंबरअखेर वारला. अशा वेळी त्याची बायको ॲलिस परतीच्या बोटीत बसली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. तिने कंत्राट स्वतःच्या नावावर पुढे चालवलं. प्रत्यक्ष काम ॲडमसन आणि क्लाउझर हे दोन अभियंते बघत, पण जबाबदारी आणि सही तिची. ४२ हजार माणसं ज्या कामावर राबली ते काम एका बाईच्या नावावर पुरं झालं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातही हे नवल होतं.

२१ एप्रिल १८६३ला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्गाचं उद्‌घाटन झालं आणि मे महिन्यात गाड्या सुरू झाल्या. बर्कले तो दिवस पाहायला नव्हते. आदल्या वर्षीच इंग्लंडात त्यांचं निधन झालं होतं. मुहूर्त मात्र असा लागला की कंपनीच्या भागधारकांनी देवाचे आभार मानले असतील. अमेरिकेत यादवी पेटलेली, तिकडचा कापूस लँकेशायरला बंद, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव.

उद्‌घाटनाने घाट काही शांत झाला नाही. चार वर्षांनी, जुलै १८६७ मध्ये, ऐन पावसाळ्यात घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. आणखी एक अडचण आराखड्यातच होती. खंडाळ्याच्या खाली एका सोंडेवर रूळ वळवायला जागाच उरली नव्हती. उपाय म्हणून तिथे रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी सोंडेच्या टोकाला येऊन थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढे. इंजिनाकडे तोंड करून बसलेले प्रवासी आता इंजिनाकडे पाठ करून बसलेले असत. पोरांना गंमत, ज्यांना गाडी लागते त्यांचे हाल. १९२०च्या दशकाच्या अखेरीस नवे बोगदे काढून मार्ग सरळ केला तेव्हा हे स्टेशन बंद पडलं.

वाफेच्या दिवसांत घाट म्हणजे धूर. बोगदा येतोय असं कळताच मोठी माणसं ओरडत, “खिडक्या लावा!” आणि लाकडी झडपा धडाधड खाली येत. तरीही कोळशाचे कण डोळ्यांत जायचेच. पुण्याला उतरेपर्यंत पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरीवर काळी रेघ उमटलेली असे. बोगदे मोजायचा खेळ बहुधा त्या झडपांच्या उघडझापीतूनच आला असावा. त्यात कधीच एकमत होत नाही. मूळचे पंचवीस, मग मार्ग बदलला, मग वाढती वाहतूक पेलायला तिसरी मार्गिका घातली, तिचे बोगदे आणखी निराळे. कोणत्या मार्गाने गाडी चढली त्यावर बेरीज अवलंबून असते, त्यामुळे भावंडांच्या भांडणात दोघंही बरोबर असू शकतात.

धूर घालवला विजेने. ती वीजही चढाच्याच कृपेची. लोणावळा-वळवणच्या तलावांत साठवलेलं पाणी घाटाखाली सोडून खोपोलीला वीज करायची, ही टाटांची योजना १९१५ साली सुरू झाली होती आणि तिने मुंबईच्या गिरण्या चालवल्या. विजेवर रेल्वे चालते, तीही घाटात, हे त्यानंतर पंधरा वर्षांत सिद्ध झालं. रेल्वे कंपनीने ठाकुर्लीजवळ चोळा इथे स्वतःचं वीजघर उभारलं आणि १९२९-३० पर्यंत कल्याण-पुणे मार्गावर तारा आल्या. घाटातल्या मालगाड्यांसाठी स्विस आणि इंग्रज कारखान्यांतून ४१ इंजिनं मागवली. मधल्या धडातून दोन्हीकडे लांब नाकाडं निघालेली, चाकांना दांडे जोडलेले, उभी असताना कण्हल्यासारखा आवाज करणारी. जगाने या जातीच्या इंजिनांना मगर म्हटलं. आमच्या ड्रायव्हरांनी त्यांचा ‘खेकडा’ केला. त्यांतला एक खेकडा दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे.

१ जून १९३०ला आली डेक्कन क्वीन, दख्खनची राणी. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या. एक चंदेरी अंगावर लाल पट्ट्यांची, दुसरी निळी, सोनेरी रेघांची. डब्यांचे सांगाडे विलायतेचे आणि वरचं काम माटुंग्याच्या कारखान्यातलं. सुरुवातीला ती आठवड्याअखेरची गाडी होती, पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना जाणाऱ्या साहेबलोकांच्या सोयीची. डबे फक्त पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे. आज ती मध्यमवर्गीय मराठी माणसाची लाडकी गाडी म्हणून मिरवते, तिच्या वाढदिवसाला पुण्याच्या फलाटावर केक कापला जातो, हार घातले जातात. पण तिला तिसऱ्या वर्गाचा डबा लागला तो जून १९५५ मध्ये. म्हणजे पहिली पंचवीस वर्षं, त्यात स्वातंत्र्याची आठ, शाळामास्तराचं किंवा कारकुनाचं कुटुंब राणीला फलाटावरून बघायचं आणि मागून येणाऱ्या पॅसेंजरमध्ये चढायचं. तिच्या आठवणी सांगताना ही बाजू फारशी निघत नाही.

राणीचा खाण्याचा डबा मात्र सगळ्यांचा झाला. चीज टोस्ट, ऑम्लेट, कटलेट. टेबलाशी बसून काचेच्या पलीकडे दरी सरकताना खायचं, हे आपल्या आईवडिलांनी एकदा तरी केलेलं असतं आणि शंभरदा सांगितलेलं असतं. ज्यांना ते परवडत नसे त्यांच्यासाठी मे महिन्यात पानांच्या द्रोणात जांभळं-करवंदं घेऊन आलेल्या ठाकर आणि कातकरी बाया होत्याच. लोणावळ्याच्या चिक्कीचंही मूळ रेल्वेच्या मजुरांना विकल्या जाणाऱ्या गूळदाण्यात सांगतात. पोटभरीचं, स्वस्त आणि पावसाळी हवेत टिकणारं, म्हणजे घाटात राबणाऱ्या माणसाला हवं तसं. तीच गोष्ट पुढे डबीत बसून पाहुण्यांकडे न्यायची भेटवस्तू झाली.

पावसाळ्यात घाट सर्वांत देखणा आणि तेव्हाच सर्वांत बेभरवशाचा. राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे जोडकिल्ले ढगांत हरवतात, उल्हासच्या दरीवर कड्याकड्यांतून पाणी कोसळतं, आणि त्याच पाण्याने कातळाच्या भेगा रुंदावत असतात. दरड आली की मुंबई-पुणे तुटतं. २०१९च्या पावसात मंकी हिल परिसरात मार्गाची अशी दैना झाली की दुरुस्ती महिनोन्‌महिने चालली आणि प्रगतीसारख्या गाड्या रद्द राहिल्या. असं होऊ नये म्हणून रेल्वेची ‘हिल गँग’ दरवर्षी पावसाआधी डोंगर चढते. कमरेला दोर बांधून ही माणसं कड्यावर उतरतात, पहारीने ठोकून सैल दगड ओळखतात आणि गाड्या नसतील त्या वेळात ते पाडतात. दीडशेहून अधिक वर्षांनी अवजार तेच, आणि दोरही तोच.

२६ जून २०२१ला मुंबई-पुणे मार्गावर डेक्कन एक्स्प्रेसला काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा लागला. पुढे प्रगती आणि डेक्कन क्वीनलाही. खुर्ची खिडकीकडे वळते, मोबाइल वर होतात, बोगदा आला की सगळा डबा एका सुरात ओरडतो. दोन्ही टोकांना इंजिनं लावून गाडी चालवायचे प्रयोगही या मार्गावर झाले आहेत, म्हणजे वाटेत बँकर जोडायला थांबायला नको.

उतरणीला मात्र असा शॉर्टकट नाही. पुण्याहून येणारी गाडी मंकी हिल, ठाकूरवाडी अशा केबिनींपाशी थांबते आणि नवखा प्रवासी घड्याळ बघतो. तिथे मुख्य मार्गाला फुटून डोंगराच्या अंगावर चढत जाणारा एक रूळ असतो, कॅच सायडिंग. एरवी सांधा मुख्य मार्गाकडे नसून या चढत्या रुळाकडेच लावलेला असतो. ब्रेक निकामी होऊन गाडी सुसाट आली तर ती त्या चढावर जाऊन अडकावी, खाली कर्जतकडे कोसळू नये, ही योजना. गाडी पूर्ण थांबली, म्हणजे ब्रेक लागतात आणि गाडी ड्रायव्हरच्या ताब्यात आहे, याची खात्री पटली की केबिनमधून सांधा फिरतो आणि मगच सिग्नल पडतो. काचेच्या छताचा डबा असो की कोळशाची मालगाडी, हा नियम दोघींनाही सारखाच. तोवर मंकी हिलची माकडं खिडक्यांपाशी येऊन उरलेल्या चिक्कीची चौकशी करून जातात.